पिवळं यंत्र आणि बोम्मसंद्र्याच्या आडवाटा

बेंगळूरुच्या मेट्रोचा पिवळा मार्ग जिथे संपतो, ते स्थानक म्हणजे बोम्मसंद्रा. १० ऑगस्ट २०२५ ला या मार्गाचं उद्घाटन झालं आणि तोवर ज्यांनी हे नाव फक्त कारखान्यांच्या पत्त्यात वाचलं होतं, तेही इथपर्यंत येऊ लागले. उतरल्यावर करायचं काय, हा प्रश्न मात्र उरतोच. समोर होसूर रोड आणि त्यावर ट्रकांची रांग, एका बाजूला औद्योगिक वसाहत, जवळच नारायण हृदयालयाचं मोठं रुग्णालय. 'पाहण्यासारखी दहा ठिकाणं' अशा यादीत बसेल असं इथे काही नाही. अशा याद्या लिहिणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे हे मी खात्रीने सांगू शकते.

तरीही मी तुम्हाला इथे फिरायला बोलावतेय. अट एकच. फोनवरचा नकाशा खिशात ठेवायचा आणि हातात एक जुनं पिवळं यंत्र घ्यायचं.

या यंत्राचं नाव गार्मिन ईट्रेक्स. हे २००० साली बाजारात आलं. साबणाच्या वडीहून थोडं लांब, दोन पेन्सिल सेल घातल्यावर वजन साधारण १५० ग्रॅम. पडदा काळा-करडा, जुन्या कॅल्क्युलेटरसारखा. पाचच बटणं, तीही कडेला, म्हणजे एका हाताच्या बोटांनी दाबता येतात. आत नकाशा नाही. रस्त्याचं नाव नाही, पेट्रोल पंप नाही, 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा' म्हणणारी बाई नाही. तुम्ही पृथ्वीवर नेमके कुठे आहात, साठवलेली खूण इथून किती लांब आणि कोणत्या दिशेला आहे, आणि तुम्ही कुठून चालत आलात, एवढंच ते सांगतं.

माझ्याकडे आलेलं यंत्र मामाचं. तो सांगली जिल्ह्यातला, आणि २००३ पासून आठ वर्षं बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होता. कंपनीतल्या एका साहेबांनी परदेशातून आणलेलं हे यंत्र त्याने त्यांच्याकडून जुन्यात विकत घेतलं. रविवारी मोटारसायकल काढायची, डांबर संपेल तिथून पुढे मातीच्या रस्त्याला लागायचं, आणि आवडलेल्या जागी थांबून बटण दाबून खूण साठवायची, हा त्याचा छंद. गावी परतताना यंत्र ट्रंकेत गेलं. मला नोकरीनिमित्त इथे खोली घ्यावी लागली तेव्हा त्याने ते आईच्या हाती पाठवून दिलं. वर निरोप, "आत एकतीस खुणा आहेत. बघ सापडतात का. वड तेवढा नक्की बघ."

खुणा वीस वर्षं टिकतील का, अशी शंका मला होती. पण या यंत्राची स्मृती सेल काढले तरी पुसली जात नाही. सगळ्या एकतीस खुणा जागेवर होत्या. नावं रोमन लिपीत आणि सहा अक्षरांच्या आत बसवलेली, कारण त्याहून लांब नाव हे यंत्र घेतच नाही. वड, विहीर, कट्टे, कोडी, दगड, चहा१, चहा२.

जुनं यंत्र जागं करताना

तुमच्याही घरात, कपाटात किंवा एखाद्या ट्रेकर काकांच्या सॅकमध्ये असं यंत्र पडलेलं असेल. ते बाहेर काढणार असाल तर आधी सेलचा कप्पा उघडा. आत सेल तसेच राहिले असतील तर ते बहुतेक गळलेले असतात आणि पांढरी-हिरवी पूड साचलेली असते. कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पत्रे पुसायचे, मग कोरडं करायचं. कडेची रबरी पट्टी सुटलेली असेल तर पाण्यात नेऊ नका. नवीन असताना हे यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकत असे, पण ती हमी रबर सुटल्यावर कामाची नाही.

मग गच्चीवर जा. घरात बसून चालू केलंत तर उपग्रह सापडत नाहीत आणि थोड्या वेळाने यंत्रच विचारतं की तुम्ही घरात आहात का. (मला हा प्रश्न फार आवडतो. फोन असं कधी विचारत नाही.) वर्षानुवर्षं बंद असलेल्या यंत्राला पहिल्या वेळी धीर द्यावा लागतो. कोणता उपग्रह कुठे असेल याचं वेळापत्रक ते उपग्रहांकडूनच ऐकून घेतं, आणि ते पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. तुमच्या फोनला हेच वेळापत्रक मोबाइलच्या जाळ्यातून काही सेकंदांत मिळतं, म्हणून तो चटकन जागा सांगतो. इथे चहा घेऊन बसायचं. यंत्र हातात आडवं, आकाशाकडे तोंड करून धरायचं. कानाला फोन लावल्यासारखं उभं धरलं की याला कमी ऐकू येतं.

हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकाच्या पोटात अणुघड्याळ असतं आणि तो सतत सांगत असतो की आत्ता किती वाजलेत आणि मी कुठे आहे. संदेश पोचायला लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर काढतं. चार उपग्रह मिळाले की अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या स्वस्त घड्याळाची चूक, अशी चारही उत्तरं मिळतात. घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. म्हणजे ही भूगोलाची कमी आणि वेळेची करामत जास्त आहे. हे यंत्र स्वतः काहीच पाठवत नाही, फक्त ऐकतं. ऐकतं तेही फक्त अमेरिकेच्या जीपीएसचं. आपल्या इस्रोच्या नाविक यंत्रणेचं केंद्र बेंगळूरुजवळच ब्याळाळूला आहे, पण तिचे शब्द या पिवळ्या कानाला कळत नाहीत.

अचूकता साधारण १५ मीटर धरा. २ मे २००० च्या आधी अमेरिका सामान्य लोकांसाठीचा संकेत मुद्दाम बिघडवून सोडत असे, तेव्हा चूक शंभर मीटरपर्यंत जायची. ते बंद झालं आणि त्याच वर्षी ही पिवळी यंत्रं दुकानात आली. त्या दोन्ही गोष्टी जुळल्या नसत्या तर मामाच्या खुणांना आज काही अर्थच उरला नसता.

आता एक गंमत. या जानेवारीच्या शेवटी मी यंत्र चालू केलं तेव्हा पडद्यावर तारीख होती जून २००६ ची. बिघाड नव्हता. जीपीएसचे उपग्रह आठवडे मोजताना ० ते १०२३ एवढेच मोजतात आणि मग पुन्हा शून्यावर येतात. ६ जानेवारी १९८० पासून सुरू झालेली ही मोजणी ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा आणि एप्रिल २०१९ मध्ये दुसऱ्यांदा शून्यावर आली. जुन्या यंत्रांपैकी अनेकांना दुसरी फेरी कळलीच नाही, त्यामुळे ती १०२४ आठवडे, म्हणजे साडेएकोणीस वर्षांहून थोडी जास्त, मागे राहिली. पूर्ण आठवड्यांचाच फरक असल्यामुळे वार मात्र बरोबर दिसतो. जागाही बरोबर दाखवली जाते. फक्त तारखेवर विश्वास ठेवू नका.

आणि आकड्यांच्या लिहिण्यावर फार लक्ष द्या. मी तर म्हणेन की सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्या. हे यंत्र सहसा अंश आणि मिनिटं दाखवतं, तर फोन बहुतेक वेळा अंशांचाच दशांश दाखवतो. समजा, यंत्रावर उत्तर अक्षांश १२ अंश ४८.५०० मिनिटे आहे. एका अंशात साठ मिनिटं, म्हणून फोनसाठी तो आकडा होतो १२.८०८३. कुणी घाईत १२.४८५ असं लिहून पाठवलं तर ती जागा सुमारे ३५ किलोमीटर दक्षिणेला, थेट तमिळनाडूत जाऊन पडते. घरच्यांना 'मी इथे आहे' असं कळवताना ही चूक झाली तर शोधणारे भलत्याच जंगलात शोधत बसतील. त्यामुळे दोन्ही साधनांत एकच पद्धत निवडून ठेवा.

ज्यांच्याकडे जुने सरकारी टोपोशीट आहेत, म्हणजे सह्याद्रीत भटकणारे बरेच जण, त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. जुने टोपोशीट पृथ्वीच्या ज्या आकारावर बेतलेले आहेत तो १८३० चा, जॉर्ज एव्हरेस्टच्या नावाचा. यंत्र मूळचं वेगळ्या, आधुनिक आकारावर चालतं. सेटिंगमध्ये योग्य पर्याय निवडला नाही तर नकाशा आणि यंत्र यांच्यात शंभर-दोनशे मीटरचा फरक पडतो. कड्यावर शंभर मीटर म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. या जुन्या मोजणीचं मूळ, गंमत म्हणजे, बेंगळूरुतच आहे. विल्यम लॅम्बटनने साखळीने जमीन मोजून पहिली चाचणीची रेषा १८०० साली इथेच आखली, मग १८०२ ला मद्रासहून मोठी मोजणी सुरू केली. एकवीस वर्षांनी तो वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे.

तळ्यांच्या गावात

आता बोम्मसंद्रा. या नावातला 'संद्रा' म्हणजे 'समुद्र'. इथे समुद्र कुठला, असं वाटेल. जुन्या काळी या भागात मोठ्या तळ्याला समुद्र म्हणत. कम्मसंद्रा, सिंगसंद्रा, बोम्मसंद्रा ही सगळी तळ्यांच्या काठची गावं. नदी नसलेल्या या पठारावर, समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, लोकांनी बांध घालून एकाखाली एक तळी केली. वरचं तळं भरलं की सांडव्यातून पाणी कालव्याने खालच्या तळ्यात जायचं. सांडव्याला कन्नडमध्ये कोडी म्हणतात, कालव्याला राजकालुवे, तळ्याला केरे. बोम्मसंद्र्याच्या पूर्वेकडची ही साखळी हळूहळू दक्षिण पिनाकिनीच्या खोऱ्याकडे उतरत जाते.

हे कळलं की पिवळ्या यंत्राचा उपयोग कळतो. फोनचा नकाशा तुम्हाला रस्त्याने नेतो, आणि इथले रस्ते कारखान्यांसाठी आणि ट्रकांसाठी आहेत. ते तळ्यांना पाठ करून जातात. यंत्र फक्त बाण दाखवतं, खूण अमुक अंशांवर, ९४० मीटर. वाट तुम्ही शोधायची. आणि वाट शोधायला लागलात की लक्षात येतं की इथे सर्वांत चांगली पायवाट नेहमी तळ्याच्या बांधावर असते, कारण बांध उंच, कोरडा आणि सलग असतो. बांधाच्या टोकाला कोडी, कोडीपासून कालवा, कालव्याच्या काठाने पुढच्या तळ्यापर्यंत. दोन रविवार असं चाललं की बाणाकडे पाहण्याआधीच अंदाज येतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. या जुन्या प्रकारात होकायंत्र नाही. उभं राहिल्यावर बाण कुठेही दाखवतो, कारण तुम्ही कुठे तोंड करून उभे आहात हे त्याला ठाऊक नसतं. दहा-वीस पावलं सरळ चाललात की तो ताळ्यावर येतो. म्हणजे गोंधळलात की थांबून पडद्याकडे पाहत बसायचं नाही, चालायचं. सूर्य कुठे आहे ते पाहिलं तरी काम होतं.

मी आणि माझी ऑफिसातली मैत्रीण, दोघी मिळून आजवर अकरा खुणांपर्यंत गेलो. सकाळी सातला निघायचं, पाणी, टोपी, आणि दोन जादा सेल. पहिली खूण 'कट्टे'. पिंपळाच्या पाराला इथे अश्वत्थकट्टे म्हणतात. पाराभोवती नागाचे दगड, त्यांवर हळद. बाणाने आम्हाला नऊ मीटरवर आणून सोडलं आणि समोर पार होता. फरक इतकाच, की आता त्याला चकचकीत फरशी आणि स्टीलचा कठडा आहे आणि दोन्ही बाजूंनी सिमेंटचा रस्ता जातो. फोटो पाठवल्यावर मामाचं उत्तर आलं, "फरशी नव्हती तेव्हा उन्हाळ्यात बसायला बरं वाटायचं."

'कोडी' पण सापडली. घडीव दगडांचा सांडवा, जसाच्या तसा. पाण्यावर जलपर्णी आणि काठाला फेस, वासही येत होता. तरी दगडी पायऱ्यांवर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. मी मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, "ई दारी एल्लिगे होगुत्ते?" म्हणजे ही वाट कुठे जाते. हे एक वाक्य पाठ करा, यंत्राहून जास्त उपयोगी आहे. त्याने हात करून सांगितलं की पूर्वी हुस्कूरपर्यंत जायची. हुस्कूर म्हणजे मद्दूरम्माच्या जत्रेचं गाव. जत्रेला आसपासच्या गावांतून शंभर फुटांहून उंच लाकडी रथ शेतांमधून, बैलांनी आणि आता ट्रॅक्टरनी, ओढत नेतात. रस्ता सोडून जाण्याची यापेक्षा मोठी परंपरा मला तरी माहीत नाही. सध्या त्या म्हाताऱ्याच्या वाटेवर मध्येच एक लेआउट आहे, भोवती भिंत.

भिंती हीच इथली खरी अडचण आहे. 'विहीर' या खुणेपासून आम्ही ६० मीटरवर होतो आणि मध्ये आठ फुटी कुंपणभिंत. वळसा घालून फाटकावर गेलो. पहाऱ्यावरच्या दादांनी आधी वहीत नाव-नंबर लिहून घेतला, मग हसत विचारलं की कोणत्या फ्लॅटमध्ये जायचंय. विहिरीकडे, असं म्हणणं बरं दिसलं नसतं. त्यांच्या परवानगीने फाटकापाशी उभं राहून आत पाहिलं. बाणाच्या रेषेत मुलांची घसरगुंडी होती. मामाच्या आठवणीत त्या विहिरीवर मोट नव्हती, पंप होता, आणि पंपाच्या पाण्याखाली तो हातपाय धुवायचा.

आणि 'वड'. तो मी मुद्दाम पाचव्या रविवारी ठेवला होता. कारखान्यातली चार-पाच मराठी पोरं शनिवारी अर्ध्या पाळीनंतर डबे घेऊन त्या वडाखाली जमायची. मामाचं लग्न ठरल्याचं त्याने पहिल्यांदा तिथेच सांगितलं होतं. बाण आम्हाला ट्रक उभे करायच्या एका मोठ्या मैदानात घेऊन गेला. अंतर चौदा मीटर, मग सहा, मग पुन्हा अकरा. खुणेवर पोचल्यावर हे यंत्र असंच घुटमळतं, कारण पंधरा मीटरच्या आत त्याला स्वतःलाही खात्री नसते. आम्ही त्या पंधरा मीटरच्या वर्तुळात चारही बाजूंनी फिरलो. ऑइलचे डाग, टायरचे ठसे, एक ताडपत्री. चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं की तो आला तेव्हाही इथे झाड नव्हतं आणि त्याला सहा वर्षं झालीत.

मी मामाला व्हिडिओ कॉल केला. कॅमेरा चहूकडे फिरवला. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अगं, आकडे बरोबर आहेत का बघ. माझ्याकडनं तेव्हा चुकलं असंल." मी आकडे वाचून दाखवले. त्याने त्याच्या जुन्या डायरीतून ताडून पाहिले. आकडे बरोबर होते.

अकरांपैकी पाच खुणा जागेवर सापडल्या. कट्टे, कोडी, रेल्वे रुळाशेजारचा एक मोठा गोल दगड, हीलळिगे स्थानकाच्या बाजूची नीलगिरीची रांग (निम्मी), आणि चहा२. चहा२ ला आता मुलगा बसतो. बाप गावी गेला. मामाचं नाव सांगितल्यावर त्याला काही आठवलं नाही, पण 'मराठी टूलरूमवाले' म्हटल्यावर त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

बाणाला न दिसणारं

इथून पश्चिमेला आणि दक्षिणेला जाणार असाल तर मात्र नुसत्या बाणावर जाऊ नका. जिगणी आणि आनेकलच्या बाजूला ग्रॅनाइटच्या जुन्या खाणी आहेत. काम थांबलेल्या खाणीत पाणी साचतं, कडे सरळ तुटलेले असतात, आणि झुडपांमुळे काठ शेवटच्या क्षणी दिसतो. यंत्राला खड्डा कळत नाही. त्याच्या दृष्टीने तुम्ही आणि खूण यांच्यात फक्त अंतर आहे. मोटारसायकलवर असाल तर अशा भागात खुणेपर्यंत गाडी नेऊ नका, शेवटचे काही शे मीटर पायी जा.

जिगणीच्या पुढे बन्नेरघट्टाचं राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. तिथे हत्ती आहेत, खरेखुरे, प्राणिसंग्रहालयातले नव्हेत. नाचणी तयार होते त्या दिवसांत ते शेतांत उतरतात. परवानगीशिवाय जंगलात शिरणं गुन्हा आहे, आणि 'वाट होती म्हणून गेलो' हे कारण चालत नाही. मी हद्दीजवळच्या शेवटच्या गावांतल्या खुणा यंत्रात आधीच घालून ठेवल्यात, म्हणजे अंतर कमी होऊ लागलं की परत फिरायचं कळतं. आनेकलपासून पाचेक किलोमीटरवरचा मुत्याल मडुवू हा धबधबा पाहायचा असेल तर सरळ रस्त्याने जा. पायऱ्या आहेत. तिथे आडवाटेची हौस नको.

परतीच्या वाटेसाठी या यंत्रात जे आहे ते मात्र मला फोनमधल्या कुठल्याही सोयीपेक्षा मोलाचं वाटतं. तुम्ही चालता तशी ते ठिपक्यांची रेघ काढत जातं. परत फिरायचं ठरलं की तीच रेघ उलटी धरून ते मागे नेतं. आपल्याकडे रानात चकवा लागतो म्हणतात, माणूस त्याच झाडापाशी पुन्हा पुन्हा येतो. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांच्या अंगावर जीपीएस लावून त्यांना अनोळखी जंगलात सरळ चालायला सांगितलं होतं. ढगांमुळे सूर्य दिसत नव्हता तेव्हा ती माणसं नकळत गोल गोल फिरली. सूर्य दिसत होता तेव्हा बरीच सरळ गेली. म्हणजे चकवा खराच आहे, भूत नसलं तरी. हरिश्चंद्रगडाच्या पठारावर धुकं उतरतं किंवा कोकणात उतरणाऱ्या घाटवाटेवर ढोरवाटा फुटतात, तेव्हा पडद्यावर आपलीच रेघ आपल्याला छेदताना दिसली तर थांबायचं. सह्याद्रीत हे यंत्र न्यायचं तर गाडी सोडल्याच्या जागी पहिली खूण साठवा आणि मागची जुनी रेघ पुसून टाका, नाहीतर दोन दिवसांच्या रेघा एकमेकींत मिसळतात. दाट झाडीत जुनी यंत्रं उपग्रह गमावतात, रेघ तुटते. पाच-दहा मिनिटांनी मोकळ्या जागी येऊन ती सांधून घ्यायची.

फोन घरी ठेवा असं मी म्हणत नाही. फोनही जाळ्याशिवाय जागा दाखवतो, आधी उतरवून घेतलेला नकाशा असेल तर उत्तमच. अडचणीत मदत फोनच बोलावेल. पण दिवसभर पडदा चालू ठेवला तर संध्याकाळपर्यंत त्यात चार्जिंग उरत नाही, आणि हे यंत्र दोन सेलवर बावीस तासांपर्यंत चालतं, तेही भर उन्हात स्पष्ट दिसतं. फोन सॅकमध्ये, यंत्र हातात, असं आमचं ठरलंय.

परदेशातल्या भावाला किंवा मुलाला 'येताना असं एखादं घेऊन ये' म्हणणार असाल तर नीट सांगा. नुसतं ऐकणारं जीपीएस यंत्र वेगळं आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र वेगळं. दिसायला दोन्ही सारखीच. दुसऱ्या प्रकाराला भारतात परवाना लागतो, आणि तो नसल्यामुळे विमानतळावर परदेशी गिर्यारोहकांना अडवल्याचे प्रसंग घडलेत. जुन्या बाजारात मिळालं तर जुनंच घ्या. आधी चालू करून, मोकळ्या आकाशाखाली पंधरा मिनिटं थांबून, उपग्रह मिळाले तरच पैसे द्या.

मामाच्या वीस खुणा अजून बाकी आहेत. सात जिगणीच्या पलीकडच्या, त्या आम्ही पावसाळ्यानंतर बघू, खाणींचे काठ वाळले की. तेरा पूर्वेला, मुत्तानल्लूर तळ्याच्या बाजूला. त्यातल्या एकीचं नाव आहे 'वड२'. मामाला विचारलं, तर त्याला हा दुसरा वड कुठला ते आठवत नाही. येत्या रविवारी आधी तिथे जाऊ.